टोबॅगोला निघण्याआधी

सोनू, सगळ्यांना घेऊन कॅरिबियनला जायचं ठरवलंत, फार बरं केलंत. पण तुझ्या यादीत एका आठवड्यात तीन बेटं आहेत, त्यातली दोन आधी खोड. बरोबर सासूबाई आहेत, चार वर्षांचा आरुष आहे. त्या दोघांना जेवढं झेपेल तेवढाच सहलीचा बेत. नकाशावर बेटं शेजारीशेजारी दिसतात, पण या बेटावरून त्या बेटावर जायचं म्हणजे पुन्हा विमानतळ, पुन्हा इमिग्रेशनची रांग आणि पोरांची रडारड. टोबॅगो धर. क्राउन पॉइंटच्या बाजूला स्वयंपाकघर असलेलं एकच घर घ्या; विमानतळ, स्टोअर बे, पिजन पॉइंट सगळं तिथून जवळ. परतताना दोन दिवस ट्रिनिदादला द्या, पुरे. मधल्या प्रवासाला वीस-पंचवीस मिनिटांचं विमानच घ्या. बोटीला काही तास लागतात, आणि समुद्र खवळलेला असला तर सासूबाईंचे हाल होतील.

जानेवारी ते मे तिकडे कोरडे दिवस. त्यातही ॲश वेन्सडेच्या आधीचे सोमवार-मंगळवार म्हणजे ट्रिनिदादचा कार्निव्हल. तेव्हा खोल्या महाग, आणि तो संपला की दमलेले ट्रिनिदादकर विसाव्याला टोबॅगोलाच येतात. तो आठवडा टाळा. ईस्टरला जमलं तर बघ. ईस्टरनंतरच्या मंगळवारी बुकू गावात बकऱ्यांच्या शर्यती लागतात, आरुष नाचेल. उन्हाळ्याच्या सुट्टीतच जाणार असाल तर पाऊस गृहीत धरा. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने. टोबॅगो त्यांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे खरं, पण १९६३ च्या फ्लोरा वादळाने याच बेटाची धूळधाण केली होती. म्हणून तिकीट काढाल त्याच दिवशी विमा काढा. वादळाला एकदा नाव पडलं, की त्यानंतर काढलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही.

आता समुद्र. आरुषला कॅरिबियन बाजूच्याच पाण्यात उतरवायचं. अटलांटिकच्या बाजूला लाटा आणि ओढ दोन्ही जास्त. तिकडे काठावर बसून बघा. जीवरक्षक असतील तिथेच पोहायचं, लाल बावटा दिसला की कोणी कितीही आग्रह केला तरी नाही. काचेच्या तळाची बोट बुकू रीफवर नेते आणि तिथून नायलॉन पूलला. भर समुद्रात कंबरेइतकंच पाणी, खाली पांढरी वाळू; सासूबाईसुद्धा उतरतील. मात्र बोटीत पाय ठेवण्याआधी लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का विचार. नसेल तर दुसरी बोट. भाडं कोणत्या डॉलरमध्ये ते आधी स्पष्ट करून घे, कारण एका अमेरिकी डॉलरला तिथले साधारण पावणेसात मिळतात. आणि प्रवाळावर कोणी पाय ठेवायचा नाही. बुकूचं प्रवाळ माणसांच्या पायांनी आणि नांगरांनी फार सोसलंय गं.

एक गोष्ट मात्र आरुषला घरूनच शिकवून ने. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं खाली पडलेली असतात, वासही गोड. ते फळ विषारी. चीक अंगाला लागला तर फोड येतात. पाऊस आला म्हणून त्या झाडाखाली उभं राहायचं नाही, पानांवरून गळणारं पाणीसुद्धा भाजतं. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते. वाळूत पडलेलं कुठलंच फळ उचलायचं नाही, हा नियम सोपा.

जेवणाची काळजी सोड. १८४५ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडचे मजूर ट्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यांचं स्वयंपाकघर आज साऱ्या देशाचं आहे. सकाळी गाडीवर डबल्स मिळतात, ‘बारा’ नावाच्या मऊ तळलेल्या पुऱ्यांत छोल्यांची उसळ, पूर्ण शाकाहारी. साद्या रोटीबरोबर बैगन चोखा माग, सासूबाईंना घरचं भरीतच वाटेल. फक्त आरुषसाठी ‘नो पेपर’ असं ठणकावून सांग, तिथली मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. तुझ्या नवऱ्याला स्टोअर बेवर खेकड्याची करी आणि डंपलिंग खाऊ दे.

ट्रिनिदादला संध्याकाळी कॅरोनी दलदलीत नावेतून लाल आयबिस बघा, हजारो पक्षी झाडावर उतरतात. डासांचं मलम लावून आणि शौचालयाला जाऊनच नावेत बसा. दुसऱ्या दिवशी वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. शिवदास साधू नावाच्या मजुराने साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं, ते पाडलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. मग समुद्र तर कोणाच्या मालकीचा नाही म्हणून सायकलवरून माती-दगड वाहून त्याने भर समुद्रात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभं केलं. सासूबाईंना हे तिथे उभं राहून सांग. राजधानीत रात्री पायी फिरू नका, आणि निघायच्या आठवड्यात सरकारी प्रवाससूचना वाचा.

लष्करी ठिपक्यांचे कपडे तिथे कायद्याने बंद आहेत, लहान मुलांनाही. आरुषची ती हिरवी चड्डी घरीच ठेव.

सासूबाईंचं मात्र नीट बघ. ट्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे यलो फीव्हरच्या लशीचं कार्ड मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीनंतर ती लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यापेक्षा सहल त्यांच्या तुमच्याकडच्या, अमेरिकेतल्या मुक्कामाच्या सुरुवातीला ठेव, म्हणजे पुण्याला परतेपर्यंत मध्ये कितीतरी आठवडे जातील. त्यांचा अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, आणि तुमच्या दोघांच्या पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत शिल्लक आहे ना, तेही पाहा. राहण्याच्या मुदतवाढीच्या नुसत्या मंजुरीच्या कागदावर अमेरिकेत परत येता येत नाही. तिकिटाचे पैसे भरण्याआधी सगळ्यांच्या व्हिसाच्या पानांचे फोटो मला पाठव, मी आज रात्रीच बघते.