आजारातून उठलेल्या लेकीचं गोंदण

मैत्रिणींनो, गोंदण आपल्याला नवं नाही. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर ठिपके, तुळस, कुणाचं तरी नाव असायचं. मेल्यावर सोबत येतं ते एवढंच, असं त्या म्हणायच्या. आता पोरी टॅटू म्हणतात. पण लहानपणी कॅन्सर किंवा हृदयाच्या मोठ्या दुखण्यातून वाचलेली मुलगी मोठी होऊन म्हणाली, "आई, मला याची खूण हातावर हवी," तर तुम्ही काय कराल?

बहुतेक आया घाबरतील. इतकी वर्षं दुखणं झाकलं ते लग्नासाठीच. आता ही ते हातावर लिहिणार!

जरा थांबा. कॅन्सरला रेडिएशन देताना किरण रोज त्याच जागी पडावेत म्हणून कातडीवर शाईचे बारीक ठिपके गोंदण्याची पद्धत आहे. म्हणजे काही मुलांच्या अंगावर दुखण्याचं गोंदण आधीच असतं, त्यांना न विचारता झालेलं. हृदयाच्या ऑपरेशनचा छातीवरचा व्रणही तसाच. आता ती स्वतःच्या मनाने एक खूण निवडतेय. अठरा पूर्ण असतील तर हा निर्णय तिचाच, असं मला वाटतं. आणि लपवण्यासारखं त्यात आहे काय? मुंबईच्या टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांना पुढेही तपासत राहणारी वेगळी ओपीडी १९९१ पासून आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा अशाच बऱ्या झालेल्यांचा गट आहे. एकमेकांना धरून उभं राहायचं हे आपल्या गटांना सांगायला नको.

काळजी घ्यायची ती सुईची. यात्रेत मशीनवाला एकाच सुईने सगळी रांग गोंदत असेल तर सरळ मागे फिरा. त्यातून बी आणि सी प्रकारची कावीळ, एचआयव्ही पसरू शकतो. सुई आपल्यासमोर पाकिटातून फोडलेली हवी, शाई वेगळ्या छोट्या टोपणात ओतलेली हवी, हातमोजे नवे हवेत. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली असेल, तर जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचंच. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तरीही. ताज्या व्रणावर गोंदू नये. आणि भातलावणीच्या तोंडावर तर नकोच: जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि हात दिवसभर चिखलात!

पोरगी भरतीची तयारी करत असेल तर जागाही बघा. केंद्रीय पोलीस दलांत सलामीच्या उजव्या हातावरचं गोंदण चालत नाही. गोंदल्यावर वर्षभर रक्तदानही करता येत नाही.

अजून एक. खूण हातावर राहील, पण कोणती औषधं किती दिली हे तिच्यावरून कुणाला कळणार नाही. बाळंतपणात, पुढच्या एखाद्या आजारात डॉक्टर तेच विचारतात. तेव्हा जुनी फाईल पत्र्याच्या पेटीतून काढा, उंदरांनी कुरतडली नाही ना ते बघा, पानापानाचे फोटो मुलीच्या मोबाईलवर घ्या आणि एक झेरॉक्स तिच्याजवळ द्या. सासरी जाताना ती तिच्याच पिशवीत असू द्या.