नाताळच्या ताटातले तोंडीलावणे

इयत्ता चौथी



नुसती भाकरी कोणी खातं का? नाही. तिच्याबरोबर कालवण लागतं, ठेचा लागतो, काहीच नसलं तर कांदा तरी बुक्कीने फोडून घ्यावा लागतो. लग्नाच्या पंगतीत तर सगळं ठरलेलं असतं. वर मधोमध मीठ, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, आणि उजव्या हाताला भाजी, आमटी. वाढप्याने जागा चुकवली की म्हाताऱ्या बायका लगेच बोलतात. मुख्य अन्नाच्या जोडीला जे असतं त्याला आपण तोंडीलावणे म्हणतो. असे तोंडीलावणे परदेशातही असते. या लेखात मी इंग्लंड देशातल्या नाताळच्या जेवणाबद्दल लिहिणार आहे.

२५ डिसेंबरला आपल्याला सुटी असते. येशू ख्रिस्ताचा तो जन्मदिवस म्हणून, हे गुरुजींनी परिपाठात सांगितले. मी विचारले, त्या दिवशी तिकडचे लोक काय जेवतात? मग गुरुजींनी पुष्कळ माहिती सांगितली आणि थोडी वाचायलाही दिली. नाताळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला. वसई, गोवा, अहिल्यानगर इकडे आपले ख्रिस्ती बांधव नाताळ करतात. त्यांचे पदार्थ वेगळे असतात. त्यावर पुढच्या अंकात कोणीतरी लिहा.

इंग्लंड नकाशात युरोप खंडाच्या पश्चिमेला समुद्रात दिसते. तिथे नाताळच्या दिवशी दुपारी मोठे जेवण असते. मधोमध टर्की नावाचा भाजलेला मोठा पक्षी ठेवतात. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला आहे. पूर्वी पुष्कळ घरांत टर्की नसे, गूज असे. गूज म्हणजे बदकापेक्षा मोठा, लांब मानेचा पाळीव पक्षी. सगळे लोक त्या पक्ष्याचेच कौतुक करतात. पण माझे मत वेगळे आहे. तो पक्षी म्हणजे ताटातला पाटील आहे. नाव त्याचे होते आणि राबतात ती तोंडीलावणी. ती कशी राबतात ते पुढे सांगतो.

आधी तिकडची थंडी समजून घेतली पाहिजे. डिसेंबरात लंडन शहरात सकाळी आठनंतर सूर्य उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. म्हणजे आपली शाळा सुटायच्या आधीच अंधार! जमिनीवर पांढरे दहिवर गोठते. आपल्याकडे डिसेंबरात शेत कसं भरलेलं असतं, हरभरा, वालाच्या शेंगा, गाजरं, बोरं, ऊस. आपण भोगीला त्यातलंच सगळं घालून भाजी करतो. तिकडे त्या दिवसांत फारच थोडं टिकतं. जे जमिनीच्या आत आहे, ते. जे थंडीला भीत नाही, ते. आणि जे पोत्यात किंवा बरणीत भरून ठेवलं आहे, ते. नाताळच्या ताटातली बहुतेक तोंडीलावणी यांतूनच आली आहेत.

पहिला नंबर बटाट्याचा. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतला. तिथून तो युरोपात गेला आणि पुढे जहाजातून आपल्याकडे आला. आपला बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीज आहे. इंग्लंडमध्ये नाताळला बटाटे भाजतात, पण चुलीच्या आरात नव्हे. सालं काढून मोठ्या फोडी करतात आणि त्या अर्धवट उकडतात. पाणी काढून टाकून भांड्यावर झाकण ठेवतात आणि भांडे चांगले हलवतात. त्यामुळे फोडींच्या कडा खरबरीत होतात. मग गरम चरबीत किंवा तेलात घोळवून त्या भट्टीत ठेवतात. तिकडे घरोघरी बंद भट्टी असते, तिला ओव्हन म्हणतात. खरबरीत कडांत तेल शिरतं आणि त्या कुरकुरीत होतात. आत मात्र पिठूळ, मऊ राहतं. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "भांडं हलवायचं कशाला, मोडतील ना बटाटे." पण थोडे मोडावेच लागतात, त्यातच खुबी आहे.

दुसरे कंद पार्सनिप. हे आपल्याकडे कोणी पाहिलेलं नाही. ते गाजरासारखेच दिसते, पण रंग पांढरट पिवळा. बटाटा युरोपात यायच्या आधी लोक हेच कंद पुष्कळ खात. याची एक मोठी गंमत आहे. थंडी पडायच्या आत काढलं तर ते तेवढं गोड लागत नाही. जमीन गारठली की त्याच्या आतल्या पिठाची साखर होते. गोड पाणी साध्या पाण्याइतकं लवकर गोठत नाही, म्हणून ते कंद स्वतःला वाचवायला गोड होतं! माणसाला आयती साखर मिळते. तिकडचे शेतकरी म्हणूनच दहिवर पडायची वाट पाहतात. मला सगळ्या तोंडीलावण्यांत हेच कंद जास्त आवडले, अजून खाल्लेले नसले तरी.

आता मुलांचा शत्रू. त्याचे नाव ब्रसेल्स स्प्राउट. ब्रसेल्स ही बेल्जियम देशाची राजधानी आहे, तिच्यावरून हे नाव पडले. ही सुपारीपेक्षा थोडी मोठी, इवलीशी कोबी असते. पण कोबीसारखी एका झाडाला एकच नाही. एक जाड उभी काठी वाढते आणि तिच्यावर खालपासून वरपर्यंत गड्डेच गड्डे चिकटलेले असतात. कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि हे, सगळी एकाच जातीची भावंडं आहेत. कडाक्याच्या थंडीतही ती उभी राहतात. मात्र चवीला कडवट! तिकडची मुलं नाताळला ती बशीच्या कडेला सारतात आणि आया ओरडतात, जसं आपल्याकडे कारल्याचं होतं. फार वेळ उकळली तर त्यांना घाण वाससुद्धा येतो. शिजवताना देठाकडे चाकूने फुलीसारखी चीर द्यायची जुनी रीत आहे. आता पुष्कळ जण म्हणतात, चीर देऊ नका, आत पाणी शिरून पचपचीत होतात.

१९९० नंतरच्या दहा वर्षांत हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी हा कडूपणा कोणत्या द्रव्यांमुळे येतो ते शोधून काढले. मग जुनी, कमी कडू वाणं शोधली आणि त्यांचा जास्त पीक देणाऱ्या वाणांशी संकर केला. म्हणून आताची ब्रसेल्स स्प्राउट पूर्वीइतकी कडू नसतात. कारल्यासाठी असं कोणीतरी करायला पाहिजे.

आता पातळ पदार्थ. पक्षी भाजताना परातीत जो रस गळतो, त्यात थोडं पीठ आणि भाज्या उकडलेलं पाणी घालून घट्टसर रस्सा करतात. त्याला ग्रेव्ही म्हणतात. तिकडे आपल्यासारख्या वाट्या नसतात, सगळं एकाच बशीत शेजारी शेजारी वाढतात आणि वरून रस्सा ओततात. दुसरा एक पदार्थ पावाचा आहे. दुधात लवंगा टोचलेला अख्खा कांदा आणि तमालपत्रासारखं पान टाकून दूध तापवायचं. वास उतरला की कांदा काढून शिळ्या पावाचा चुरा त्यात शिजवायचा. याला ब्रेड सॉस म्हणतात. लवंग इंग्लंडमध्ये पिकत नाही. ती मूळची इंडोनेशियातल्या बेटांवरची आहे, पूर्वी जहाजातून जायची आणि फार महाग असे. म्हणून सणालाच वापरीत. लवंग महाग आणि पाव शिळा, दोन्ही एकाच भांड्यात!

शिळ्या पावाचं आणखी एक काम आहे. पावाचा चुरा, कांदा आणि सेज नावाचा वासाचा पाला कालवून सारण करतात. ते पक्ष्याच्या पोटात भरतात, नाहीतर त्याचे गोळे करून वेगळे भाजतात. आपली भरली वांगी असतात त्यातलाच हा प्रकार समजा.

आंबटगोड हवंच ना? त्यासाठी क्रॅनबेरी नावाची फळं साखरेत शिजवतात. ही फळं करवंदाएवढी, लाल आणि भलतीच आंबट असतात. टर्कीबरोबर ती खायची रीत अमेरिकेतून आली. तिकडे ती फळं काढायला शेतात पाणी सोडतात. फळाच्या आत हवेचे कप्पे असतात, त्यामुळे फळं वर तरंगतात आणि सगळं शेत लाल दिसतं. गूजबरोबर मात्र सफरचंदाचा लगदा असे.

लाल कोबी, गाजरं हीसुद्धा असतात. एक पदार्थ आहे त्याचं नाव 'पांघरुणातली डुकरे'. छोट्या सॉसेजला डुकराच्या मांसाची पातळ पट्टी गुंडाळून भाजतात. सॉसेज म्हणजे खिम्याची नळी. नाव ऐकून आमचा सगळा वर्ग हसला.

ऑस्ट्रेलियातल्या पुष्कळ लोकांचे पूर्वज इंग्लंडमधून गेलेले. पण तिकडे डिसेंबरात कडक उन्हाळा. म्हणून तिथे पुष्कळ घरांत भट्टीतल्या बटाट्यांऐवजी गार कोशिंबिरी आणि कोळंबी असते. सण तोच, पण जसा हंगाम तसं पान.

आता तोंडीलावणी राबतात कशी ते सांगतो. चार्ल्स डिकन्स या लेखकाने १८४३ साली 'अ ख्रिसमस कॅरल' नावाचे पुस्तक लिहिले. त्यात बॉब क्रॅचिट नावाचा गरीब कारकून आहे. आठवड्याला पगार १५ शिलिंग, आणि नाताळच्या जेवणाला घरात आठ माणसं. धाकटा मुलगा टिम पायाने अधू. त्या काळी लंडनच्या गरिबांच्या घरात भट्टी नसे. पाववाल्याच्या भट्टीत आपलं गूज भाजायला द्यायचं आणि जेवायच्या वेळी जाऊन आणायचं. क्रॅचिटांचे गूज काही आठ जणांना पुरेल एवढे मोठे नव्हते. मग आई रस्सा गरम करते, मोठा मुलगा पीटर जोर लावून बटाटे कुस्करतो, मुलगी बेलिंडा सफरचंदाच्या लगद्यात साखर घालते. कांदा आणि सेजचं सारण तर पोटभर होतं. बटाटे आणि सफरचंद जोडीला होते म्हणून त्या एका पक्ष्यात आठ जणांची जेवणं झाली. लहान मुलंसुद्धा पोटभर जेवली. गूज लहान आहे असं कोणीही बोललं नाही.

ही गोष्ट आहे, पण पुढचं खरंच घडलं. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडला पुष्कळ अन्न जहाजातून येई आणि शत्रूच्या पाणबुड्या ती जहाजं बुडवीत. म्हणून ८ जानेवारी १९४० पासून तिथे रेशन सुरू झाले. आधी साखर, लोणी आणि डुकराचं खारवलेलं मांस, मग इतर मांस. युद्ध १९४५ ला संपले, पण रेशन पुरते उठायला ४ जुलै १९५४ उजाडला. म्हणजे चौदा वर्षांच्या वर! रेशन सुरू झालं तेव्हा जन्मलेल्या पोराने आठवी-नववीत जाईपर्यंत रेशनशिवाय नाताळ पाहिला नसेल. टर्की तर फार थोड्यांना मिळे.

पण युद्धाच्या वर्षांत ताज्या भाज्यांना आणि बटाट्यांना रेशन नव्हते. सरकारने सांगितले, अंगणं खणा आणि भाज्या लावा. लोकांनी फुलझाडं काढून बटाटे, गाजरं, कोबी लावले. नाताळला बटाट्याच्या चकत्या, सफरचंदाच्या चकत्या, थोडं चीज आणि सेजचा पाला असे थरावर थर लावून भट्टीत भाजीत. चीज म्हणजे दुधाचा एक खारट, टिकणारा पदार्थ. या पदार्थाला 'खोटं गूज' म्हणत. त्यात पक्ष्याचं एक पीससुद्धा नसे! साखर कमी म्हणून गोड पदार्थात गाजर किसून घालीत. पाटील गावात नव्हता आणि सगळा कारभार तोंडीलावण्यांनी चालवला.

रेशनचं वाचताना आमचे आजोबा म्हणाले, "रांगेत उभं राहायचं ते आम्हालाबी माहीत हाय." त्यांनी १९७२ च्या दुष्काळातली मिलो सांगितली. ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे, म्हणून जोडीला मिरचीचा ठेचा जास्त घ्यायचा.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये उरलेलं खातात. बटाटे आणि ती कडवट कोबी तर उरतेच. दोन्ही कुस्करून, तव्यावर थापून खरपूस भाजतात. भाजताना तव्यातून बुडबुड, चींचीं असा आवाज येतो, म्हणून त्या पदार्थाचं नावच 'बबल अँड स्क्वीक' आहे. आदल्या दिवशी कोबी बाजूला सारणारी मुलंसुद्धा तो खातात. आई म्हणाली, "म्हंजे आपली फोडणीची भाकरीच की ती."