रंगाखालचा पत्रा

जुन्या गाडीच्या नादात पैसा बुडतो तो इंजिनात नाही, पत्र्यात. आमच्या घरी १९७० सालची फियाट आहे, म्हणून हे छातीठोकपणे सांगतो. बाबांना ती हवी होती, कारण त्यांच्या लहानपणी वाड्यात आलेली पहिली गाडी तीच. मुलीला हवी होती, कारण पाना-पक्कड हातात आली की तिला जेवणाचीही आठवण राहत नाही. मुंबईहून पुण्यात आणली तेव्हा गाडीला ताजा क्रीम रंग होता, आणि ‘सगळं काम झालंय साहेब, नुसती चालवा,’ असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

पावसाळा सरता सरता ड्रायव्हरच्या दाराखाली रंगाला फोड आले. डेंटरने स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं, तर पुट्टीचा बोटभर जाड पापुद्रा निखळून हातात आला. आत तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा रिबिटा मारून बसवलेला, आणि त्यामागे मूळ पत्र्याची तपकिरी भुकटी. पायाखालचं रबरी मॅट उचललं तर खालची फरशी दिसली. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे दाराखालचा पत्रा सडला की प्रश्न दिसण्यापुरता राहत नाही; गाडी मधोमध वाकते आणि दारं लागेनाशी होतात.

म्हणून ताजा रंग मारलेली गाडी दिसली की आधी सावध व्हा. भर उन्हात बघायला जा. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांवरच्या कमानींवरून फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे पुट्टी आहे. मॅट उचला, डिकीत स्टेपनीखाली हात घाला, गाडी रॅम्पवर चढवून पोटाखालून बघा. मालक रॅम्पला नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या. रंग उडालेली, गंज उघड दिसणारी, पण एकही वस्तू न हरवलेली गाडी मी चकचकीत गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

वस्तू न हरवलेली, हे महत्त्वाचं. १०८९ सीसीच्या त्या इंजिनाचं फारसं अडत नाही. त्याच घराण्यातली पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातून कित्येक वर्षं निघत राहिली आणि मुंबईची टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. रिंगा, गॅस्केट, डेल्कोचे पाइंट मिळतात आणि ते बसवणारे उस्तादही अजून आहेत. मिळत नाहीत त्या क्रोमच्या पट्ट्या, टेललॅम्पच्या काचा, दारांची हँडलं. अशा वस्तूंपायी नाना पेठ, जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार पालथा घालावा लागतो, आणि क्रोम करून घ्यायचा खर्च ऐकून धडकी भरते. अर्धवट गाडी स्वस्तात मिळते आणि सगळ्यात महाग पडते.

कागदांचंही तसंच. आरसीवरचं नाव आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे का, पत्र्यावर ठोकलेला नंबर आरसीशी जुळतो का, जुन्या कर्जाचा बोजा उतरलाय का, एवढं तरी बयाणा देण्याआधी पाहा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने वेगळा नियम केला. वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. ती पाटी मानाची वाटते, पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. ज्यांना रविवारी घरच्यांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्याशी जायचंय त्यांनी साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी. आम्ही तेच केलं.

‘गुंतवणूक म्हणून कशी?’ हा प्रश्न मला हमखास येतो. संस्थानिकांच्या रोल्स-रॉईसची गोष्ट वेगळी. फियाट किंवा अँबेसेडर हजारोंनी बनल्या. अशा गाडीवर नीट काम केलं तर लागलेला पैसा विकून परत येईल असं धरून चालू नका. मुलांच्या शिक्षणाच्या किंवा घराच्या पैशाला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशीच ठरलं. छंदाचं खातं वेगळं. ते रिकामं झालं की काम थांबतं. गॅरेजवाल्यालाही एकदम मोठा ॲडव्हान्स देऊ नये. आधी पत्राकाम, ते डोळ्यांनी पाहिल्यावर प्रायमर, मग रंग, आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे त्या त्या वेळी. प्रायमर मारण्याआधीचा उघडा पत्रा स्वतः जाऊन बघाच.

घरच्यांना कामं वाटून द्या. काढलेला प्रत्येक नटबोल्ट मुलगी पिशवीत घालून वर चिठ्ठी लावते, काढण्याआधी फोटो घेते. कार्बोरेटरची जेट धुणं, सीटची कव्हरं उसवणं, काचांची रबरं काढणं ही कामं मुलांना जमतात. ब्रेक मात्र जाणत्या हातांनीच करायचे, आणि तेही इंजिन चालू करण्याआधी. चारही चाकांना ड्रम आहेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडरची रबरं कडक झालेली असतात, पॅडल पहिल्या दाबाला लागतं आणि दुसऱ्याला सरळ खाली जातं. ती चारही चाकांची एकदम बदलावीत.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने मऊ पडून चिरतो, गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या आणि आठवड्या-पंधरवड्यातून गाडी नीट गरम होईपर्यंत फिरवून आणा. आमची फिरते आहे. मागच्या डाव्या दाराचं मूळ हँडल अजून मिळालेलं नाही, आणि दुसऱ्या मॉडेलचं बसवायला बाबा काही तयार नाहीत.