पॅकेज किती, यापेक्षा हातात किती?

नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत माझी निवड झाली तेव्हा एकच आकडा कानावर पडला होता : वर्षाला 3 लाख 60 हजार. इंदोऱ्याच्या घरी हिशेब सरळ होता, महिना 30 हजार. पहिला पूर्ण पगार खात्यात पडला तो 22 हजारांच्या आतच. एचआरकडे विचारायला गेलो, तर त्यांनी ऑफर लेटरची शेवटची पुरवणी उघडून समोर ठेवली. सगळं त्यात होतं, फक्त तोंडानं कुणी सांगितलं नव्हतं.

त्या 30 हजारांतले 3 हजार 'व्हेरिएबल', म्हणजे वर्षाअखेरीस कामगिरी पाहून मिळाले तर मिळाले. मूळ वेतन 15 हजार; त्याच्या 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये कंपनीचा पीएफचा वाटा, तोही माझ्याच पॅकेजमध्ये मोजलेला. ग्रॅच्युइटीचे सुमारे 720 रुपये, आणि ती साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावरच मिळते. गटविम्याचा हप्ता 500. उरलेल्या सुमारे 24 हजारांतून पुन्हा माझ्या वाट्याचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 रुपये कापला गेला. पीएफचा पैसा आपलाच असतो हे खरं, पण त्यातून या महिन्याचं घरभाडं किंवा गाडीचा हप्ता भरता येत नाही.

दुसरा फटका रात्रपाळीचा. मेट्रो खापरीपर्यंत नेते, पण रात्री दोनला सुटणाऱ्या माणसाला तिचा काय उपयोग? कंपनीची गाडी शहराच्या ठरावीक भागापुरतीच होती, आमचा भाग त्यात नव्हता. पेट्रोलचा खर्च त्या 22 हजारांतूनच.

आपल्याकडे पगाराचं विचारणं म्हणजे हावरटपणा, असं घरातूनच शिकवलेलं असतं. 'आधी चिकटून तर घे, मग पाहू,' हा सल्ला प्रत्येक काका देतो. पण चिकटल्यावर पाहण्यासारखं फारसं उरत नाही. विचारण्याची वेळ मात्र साधावी लागते. पहिल्या फेरीत कामाबद्दल बोला. निवड होतेय असं दिसलं, किंवा एचआरनं 'अपेक्षा किती?' असं विचारलं, की तीच तुमची संधी. 'मॅडम, यातलं फिक्स किती, व्हेरिएबल किती आणि सगळी कपात होऊन महिन्याला हातात किती येईल?' एवढ्या एका वाक्यात कुणाचा अपमान होत नाही.

बाकीचे प्रश्नही तिथंच उरकून घ्या. व्हेरिएबल गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं? रात्रपाळीचा भत्ता आणि गाडी आहे का, तुमच्या भागात येते का? महिना 21 हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो का? त्याहून जास्त असेल तर कंपनीच्या विम्यात आईवडील धरले आहेत का? नोटीस पिरियड किती? बाँड आहे का, मोडल्यास किती रक्कम? मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं मात्र कुणी कितीही मागितली तरी जमा करू नका. झेरॉक्स द्या, मूळ प्रत दाखवून परत घ्या. मुलींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : महाराष्ट्रात महिलांना महिना 25 हजारांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. तो कापलेला दिसला तर लगेच विचारा.

तोंडी उत्तराला किंमत नाही. घरी येऊन साधा मेल करा : 'आज बोलणं झालं त्याप्रमाणे...' आणि आकडे लिहा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी तर नियुक्तिपत्र देणं बंधनकारकच केलं आहे.

पुढं हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हेच सगळं विचारलं. तिथल्या बाईंनी त्याच संध्याकाळी पगाराचा पूर्ण तक्ता पाठवला. पॅकेज आधीपेक्षा थोडं कमी होतं, हातात येणारी रक्कम जास्त. नोकरी देणारा प्रामाणिक असेल तर तो या प्रश्नांनी चिडत नाही, आणि चिडला तर नोकरी घेण्याआधीच त्याची ओळख पटते. तेव्हा पोरांनो, सही करण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.