आजोबांचा चाकू खरा विलायती?

प्रश्न : आजोबांच्या घडीच्या चाकूवर ‘रॉजर्स, शेफिल्ड’ असा ठसा आहे. तो अस्सल आहे का?
– एक वाचक, शेलूबाजार

उत्तर : भिंग घेऊन पात्याच्या बुडाशी पाहा. जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण म्हणजे चांदणी आणि शेजारी माल्टीज क्रूस. ही जोडी नसेल तर शंका घ्या. या नावाची नक्कल फार झाली. मुकुटासह ‘व्ही आर’ असेल तर ती राणी व्हिक्टोरियाची अक्षरे, म्हणजे चाकू बहुधा १९०१पूर्वीचा. मूठ खडबडीत, तपकिरी असेल तर ते सांबरशिंग असू शकते; शेफिल्डला ते हिंदुस्थानातूनही जाई. वन्यजीव कायद्यामुळे अशी वस्तू विकायला मात्र काढू नका. आणि कृपा करून पॉलिश पेपर घासू नका, ठसा कायमचा जाईल! शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात पुरे.