बर्मिंगहॅमची कथा, यॉर्कशायरची कमाई

यॉर्कशायर म्हटले की आम्हा कापडवाल्यांना ब्रॅडफर्डचे लोकरी कापड आठवते. गिरण्या थंडावल्या, तरी जुन्या इमारती चित्रीकरणाच्या कामी आल्या. 2012 साली ‘स्क्रीन यॉर्कशायर’ या प्रादेशिक संस्थेने युरोपीय विकासनिधीच्या मदतीने चित्रपट-मालिकांसाठी भांडवल उभे केले. हे अनुदान नव्हे, भागीदारी. शर्त एवढीच की, धंदा यॉर्कशायरात आणावा आणि कमाईतून संस्थेचा हिस्सा द्यावा. ‘पीकी ब्लाइंडर्स’ (2013) ही मालिका बर्मिंगहॅमच्या टोळीची. पण या निधीचा पैसा तिच्यात लागला आणि बरेचसे चित्रीकरण यॉर्कशायरात झाले. सुतार, शिंपी, खानावळवाले, गाडीवाले यांना काम मिळते ते असे. आम्हाला यातला भागीदारीचा भाग पटतो. परत आलेली रक्कम पुढच्या निर्मितीत घालता येते. अर्थात मालिका पडली, तर संस्थेचेही भांडवल बुडते.