फळ ताटात असावे, गोळी विचारून घ्यावी

आवळ्याचा तुरटपणा व जांभळाचा गडद रंग फिनॉलिक संयुगांमुळे येतो. परीक्षानळीत ही संयुगे पेशींना अपायकारक ठरणाऱ्या ‘फ्री रॅडिकल्स’ना निष्प्रभ करतात, म्हणून त्यांची गणना अँटिऑक्सिडंटमध्ये होते. परंतु परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. गाजरातील बीटा-कॅरोटीन हे वेगळ्या वर्गातील अँटिऑक्सिडंट. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. यास्तव रुग्णांच्या नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे, की ऋतुमानानुसार फळे अवश्य द्यावीत. मात्र अँटिऑक्सिडंटच्या महागड्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत आणि त्यांच्या भरवशावर चालू औषधे थांबवू नयेत. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी फळांविषयीही सल्ला घ्यावा.